दुसरा दिवा

पहिला दिवा लागला. दुसरा लागेना.

शिवानंद घुगरे खुर्चीत ताठ बसून राहिले. डोक्याभोवती रबरी पट्टी, पट्टीच्या आतून कपाळाला टेकलेल्या थंडगार चकत्या, आणि शेजारच्या टेबलावर एक पेटी. पेटीवर दोन दिवे, एक पांढरा, एक पिवळा. समोरचं दुधी काचेचं दार सरकलेलं होतं आणि चौकटीत त्यांची बायको उभी होती. राजश्री. निळी सुती साडी, काखेत पिशवी, चेहऱ्यावर रांगेत ताटकळल्याचा कंटाळा. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, नुसतं उभं राहायचं असा नियम होता. ती तशी उभी होती.

"काका, परत एकदा करून बघू," केंद्राध्यक्ष प्रणाली बोरगे म्हणाल्या. एरवी त्या गावच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या; आज निवडणुकीच्या कामावर होत्या. त्यांनी पट्टी जरा आवळली. दार बंद झालं, पुन्हा उघडलं. पांढरा दिवा पापणी लवायच्या आत लागला. पिवळा मात्र ढिम्म.

पेटीच्या पडद्यावर अक्षरं आली: *चेहरा जुळतो. व्यक्ती जुळत नाही.*

"अहो, माझी बायको आहे ही!" शिवानंद म्हणाले. "आज पस्तीस वर्षं संसार करतोय!"

"मला माहीत आहे, काका. पण तुमचा शब्द धरता येत नाही. पट्टी काय सांगते ते धरायचं."

मागच्या बाकावरून इलियास मुल्लांनी गंभीर आवाजात विचारलं, "शिवाण्णा, वहिनी वाटेत कुठं बदलल्या बिदलल्या नाहीत न्हवं?"

शाळेचा तो वर्ग खदखदून हसला. चौकटीत उभी राहिलेली राजश्रीही हसली. लोकांच्या हसण्यापेक्षा तिचं हसणं शिवानंदांना जास्त लागलं.

मग खुर्च्या बदलल्या. पट्टी राजश्रीच्या डोक्याला, चौकटीत शिवानंद. पांढरा लागला, आणि त्याच्या पाठोपाठ पिवळाही. पहिल्या फटक्यात.

नशीब एवढंच, की ही रंगीत तालीम होती. खरं मतदान महिन्याभरानं होतं.

*

हे दोन दिवे आले कुठून, ते थोडं मागं जाऊन सांगायला हवं.

शिवानंद साखर कारखान्यात टाइमकीपर होते. फाटकावर उभं राहून हजेरी घ्यायची, दुसऱ्याच्या नावावर आत घुसणारा पकडायचा. एकदा पाहिलेला चेहरा ते विसरत नाहीत, अशी हिरणगडात त्यांची ख्याती होती. त्या ख्यातीवरच छत्री आघाडीनं त्यांना मतदान केंद्रातला आपला एजंट केलं, आणि निवृत्त झाल्यावरही ते काम त्यांच्याकडंच राहिलं. शेजारच्या खुर्चीत किटली आघाडीचे एजंट म्हणून इलियास मुल्ला बसायचे. मुल्लांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दोघं सकाळभर एकमेकांच्या मतदारांवर आक्षेप घ्यायचे आणि दुपारी एकाच डब्यात जेवायचे.

त्या डब्यावर दर वेळी एकच वाद रंगायचा. शिवानंद म्हणायचे, फोटोचं ओळखपत्र दाखवल्याशिवाय कुणाला आत सोडूच नये. ढिलाई केली की मेलेली माणसंसुद्धा मत देऊन जातात. मुल्ला म्हणायचे, पुरात माझ्या आईचं कार्ड वाहून गेलं, आणि जिला अख्खी कुंभार गल्ली ओळखते तिला तू दारातून परत पाठवलंस. कागद भिजला म्हणून माणूस विरघळतो काय रे? दोघांचंही खरं होतं, आणि म्हणूनच वाद कधी मिटत नव्हता.

तो मिटवला कातडी मुखवट्यांनी. भाजलेल्या माणसांना नवा चेहरा देण्यासाठी ही पातळ कातडी निघाली होती. पुढं ती नाटकवाल्यांनी घेतली, आणि मग कुणीही घेऊ लागला. कुणाचाही फोटो द्यावा, संध्याकाळी तो चेहरा घडी घालून पाकिटात मिळावा. मग निवडणुकांत नवलच होऊ लागलं. कार्ड खरं, कार्डावरचा फोटो खरा, फोटोशी चेहरा तंतोतंत जुळतोय, आणि माणूस भलताच! फोटोवर भिस्त ठेवणाऱ्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

तेव्हा मेंदूचा अभ्यास करणारे लोक पुढं आले. त्यांचं म्हणणं असं, की ओळखीचा चेहरा दिसला की मेंदूत एक लाट उठते. ती नुसत्या चेहऱ्याची. नाकडोळे जुळले की ती उठणारच, मग समोर फोटो असो, जुळा भाऊ असो की मुखवटा. पण माणूस खरोखर ओळखीचा असेल तर क्षणभरानं दुसरी लाट येते, जास्त पसरट आणि खोल. उभं राहण्याची ढब, मान कलती करण्याची लकब, नजर, या सगळ्यांतून मेंदू त्या माणसाबद्दलचं आपलं सारं गाठोडं एकदम सोडतो. मुखवट्यासमोर पहिली लाट येते, दुसरी येत नाही. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला तेव्हा ही पट्टी असती तर पेशव्यांचा किती मनस्ताप वाचला असता, असंही वर्तमानपत्रांतून लिहून आलं.

मग कायदा झाला. कार्ड असो वा नसो, प्रत्येकानं मतदार यादीतला एक ओळखसाक्षी आधी नोंदवायचा. साक्षीदारानं पट्टी बांधून बसायचं. दोन्ही दिवे लागले की मत. मतदानाच्या दिवशी संधी एकच, म्हणजे साक्षीदार बदलून बदलून कुणी नशीब अजमावायला नको. फोटोवाले खूश, कारण तोतये थांबले. बिनफोटोवालेही खूश, कारण पुरात काही वाहून जाण्याची भीती संपली. पूर्वी बँकेत खातं उघडायला ओळखदार लागायचा, तसंच हे, असं म्हणून लोकांनी मान डोलावली. बहुतेक घरांतून नवऱ्यानं बायकोचं आणि बायकोनं नवऱ्याचं नाव दिलं. त्यात विचार तो काय करायचा?

पण ज्या तरुण मुलांवर पट्टीची परीक्षा झाली होती ती सगळी वसतिगृहातली होती. पस्तीस वर्षांचा संसार झालेलं जोडपं त्या प्रयोगशाळेत कुणी नेलंच नव्हतं.

*

"जपून खा हं," राजश्रीनं ताटात भाकरी वाढली. "तोतयीच्या हातची आहे."

"पुरे की आता."

"पुरे कसं? सरकारी पेटीनं सांगितलंय. मग मी कोण, हे नको का शोधायला?" तिनं झुणक्याची वाटी पुढं सरकवली. आवाजात राग नव्हता. शिवानंदांना तेच अवघड वाटत होतं. ती रागावली असती तर समजूत घालता आली असती. ती तर कोड्याचं पान उघडून बसल्यासारखी दिसत होती. "तुमच्यासाठी माझे दोन्ही दिवे लागले. माझ्यासाठी तुमचा एकच. गंमत आहे की नाही?"

"यंत्र बिघडलं असेल."

"मुल्लाभावजींचं आणि शमीमभाभींचं त्याच यंत्रावर झालं."

"त्यांचं रोज भांडण असतं."

हे शिवानंद सहज बोलून गेले, पण गावात त्या आठवड्यात हाच बोलबाला होता. तालमीत जुन्या जोडप्यांचे पिवळे दिवे रुसले होते, आणि भलत्यांचे लखकन लागले होते. वाणी गल्लीतले दोघे भाऊ घराच्या भिंतीवरून वर्षानुवर्षं कोर्टात होते, एकमेकांचं तोंड बघत नव्हते. एकाला साक्षीदारच मिळेना म्हणून कुणीतरी थट्टेनं त्याच्या भावाला बसवलं, तर दार उघडायच्या आत दोन्ही दिवे! तेव्हापासून लोक आपापले वैरी शोधायला लागले होते. जावा जावांना नेत होत्या, भाडेकरू मालकाला.

"मी शमीमभाभींचं नाव देऊ का?" राजश्रीनं विचारलं. "शनिवारपर्यंत बदलता येतं, त्या केंद्रावरच्या पोरीनं सांगितलं. माझं मत फुकट नाही घालवायचं मला. या खेपेला तर नाहीच."

'या खेपेला' म्हणजे काय, हे शिवानंदांनी विचारलं नाही. ते ताटाकडं बघत म्हणाले, "शनिवारला अवकाश आहे."

*

दुसऱ्या दिवशी ते कॉलेजात गेले. प्रणाली बोरगे पेपर तपासत होत्या.

"एका ओळखीच्या माणसाची गोष्ट आहे," शिवानंदांनी सुरुवात केली.

"बसा, काका," प्रणाली म्हणाल्या. हसू त्यांनी आवरलं होतं, पण पुरतं नाही. "त्या माणसाला सांगा, काळजी करू नका. माझ्या वडिलांचाही पिवळा लागला नाही. आई दोन दिवस बोलत नव्हती."

शिवानंदांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "म्हणजे त्या माणसाला... माया वगैरे राहिली नाही, असं म्हणायचं?"

"छे! माया मोजणारं यंत्र कुठलं? ते वाणी गल्लीतले भाऊ, त्यांच्यात काय माया आहे?" त्यांनी लाल पेन बाजूला ठेवलं. "तुमच्या घरी जिना आहे?"

"आहे."

"अंधारात चढता?"

"रोज."

"पायऱ्या किती?"

शिवानंदांनी बोटांवर मोजून पाहिलं आणि सोडून दिलं.

"बघा. पाय बरोबर पडतो, पण जिना तुम्ही पाहिलेला नाही. मेंदू महाकंजूस असतो, काका. जे रोज दिसतं त्यासाठी तो काहीही खर्च करत नाही. डोक्यात एक जुनं चित्र ठेवून देतो. दार उघडलं, ते चित्र काढलं, जुळलं, संपलं. पहिली लाट. दुसरी लाट केव्हा? तर या माणसाबद्दल अजून काहीतरी कळायचंय असं मेंदूला वाटत असेल तेव्हा. ते भाऊ दिवसरात्र एकमेकांचाच विचार करतात. आज हा वकिलाकडं गेला असेल काय, उद्या काय काढेल. त्यांचं गाठोडं सदा ताजं. आणि जिथं आता नवीन काही नाही अशी मेंदूची खात्री पटली, तिथं तो गाठोडं सोडायचे कष्ट घेत नाही."

शिवानंदांनी टोपीची घडी उलगडली.

"म्हणजे हा माणूस," ते सावकाश म्हणाले, "बायकोला फोटोवरून पडताळत होता."

"जुन्या फोटोवरून," प्रणाली म्हणाल्या. मग जरा संकोचून त्यांनी भर घातली, "खरं सांगू का? हा आमचा अंदाज आहे. चुकलेलाही असेल. पण तुमच्यासारखी माणसं आली नसती, तर तो करायचंसुद्धा आम्हाला सुचलं नसतं."

"त्या माणसानं करायचं काय?"

"मला काय ठाऊक, काका? माझं अजून लग्न व्हायचंय."

*

मग शिवानंदांनी बायकोकडं बघायला सुरुवात केली. हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. ती भाजी निवडत असली की ते समोर येऊन बसत. ती म्हणे, काय पाहिजे? ते म्हणत, काही नाही. पुन्हा बघत. शेवटी त्यांनी विचारायला सुरुवात केली. तुला कुठली भाजी आवडते? लहानपणी कुणाची भीती वाटायची? दुपारी मी झोपतो तेव्हा तू काय करतेस?

"जनगणनेला नेमलंय काय तुम्हाला?" ती म्हणाली. "असं विचारून काय कळणार? फाटकावर हजेरी घेतल्यासारखं विचारताय."

"मग कसं विचारू?"

तिनं थोडा विचार केला. "मी गुरुवारी संध्याकाळी कुठं जाते, माहीत आहे?"

"फिरायला."

"कुठं?"

त्यांना सांगता येईना. दर गुरुवारी ती 'जरा जाऊन येते' म्हणायची आणि ते वर्तमानपत्रातून मान न उचलता 'हं' म्हणायचे. मठात जात असेल, अशी त्यांनी आपली समजूत करून घेतली होती.

"नदीकाठच्या मैदानावर या," ती म्हणाली. "पण माझ्यासोबत नको. मागून या."

हिरणगड हे फुटबॉलचं वेड असलेलं सरहद्दीवरचं गाव. मैदानावर गुरुवारी सामने व्हायचे हे शिवानंदांना ठाऊक होतं. तिकडं जायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. ते पोचले तेव्हा सामना भरात होता. दगडी पायऱ्यांवर गर्दी होती आणि गर्दीतून एका बाईचा खणखणीत आवाज येत होता.

"ए पंच! चष्मा घरी ठेवून आलास काय रे? धडधडीत ऑफसाइड होता की!"

कोण ही भवानी, म्हणून शिवानंदांनी टाचा उंचावून पाहिलं. बाई उभी राहून दोन्ही हात हवेत नाचवत होती. आजूबाजूचे लोक ओरडत होते, "बरोबर बोलली राजूआक्का! झेंडा कुठाय?" मग शिवानंदांना निळी साडी दिसली. साडी त्यांच्या ओळखीची होती. आवाज नव्हता. हात नव्हते. त्या बाईला ते आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, आणि ती त्यांच्याच घरात राहत होती.

ते जाऊन तिच्या शेजारी बसले. तिनं त्यांच्याकडं न बघता ऑफसाइड समजावून सांगितलं. त्यांना काही समजलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, या वेळी डाव्या हाताचं बोट पायरीवर फिरवून खेळाडू दाखवत. तिचं ते बोट टोकाशी वाकडं होतं. लग्नापासून शिवानंद ते वाकडं बोट बघत आले होते. मतदान केंद्रात त्याच बोटाला लागलेली शाई तर त्यांनी दर निवडणुकीला पाहिली होती.

"हे बोट," ते म्हणाले. "जन्मजात नाही?"

"जन्मजात?" ती पहिल्यांदा त्यांच्याकडं वळली. "पेनल्टी अडवताना मोडलं. नववीत. मी शाळेची गोलकीपर होते."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

मैदानावर गोल झाला आणि ती पुन्हा उभी राहून ओरडायला लागली.

*

घरी परतताना पुलावर ती थांबली.

"एवढं कळलंय तर आणखी एक सांगते. लपवून ठेवायला आता जीवावर येतं. तुमच्या छत्रीला मी आजवर एकदाच मत दिलंय. लग्न होऊन आले त्या साली. नवी होते, तुम्ही सांगितलंत, दिलं."

"आणि त्यानंतर?"

"किटली."

"दर वेळी?"

"एकदा कुणालाच नाही. त्या साली किटलीवाल्यांनीही गाढवच उभं केलं होतं."

शिवानंदांनी कठड्याला हात टेकला. प्रत्येक निवडणुकीच्या आदल्या दिवशी आघाडीच्या बैठकीत मतांचा अंदाज बांधताना ते नेहमी म्हणायचे, आधी घरचं एक धरा. "मला एका शब्दानं बोलली नाहीस?"

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं. तुम्ही विचारत नव्हता, मोजत होता." ती नदीकडं बघत राहिली. "आणि या खेपेला तुमची छत्री त्या मैदानावर दुकानांची बिल्डिंग बांधायला निघालीय. तुम्हीच पत्रकं वाटताय. ते मैदान गेलं तर माझा गुरुवार गेला. शमीमभाभी साक्षीला तयार आहेत. मी त्यांचं नाव देते. तुम्ही कशाला कोंडीत सापडताय? तुमचा दिवा लागला तर तुमच्या साक्षीनं किटलीला मत. नाही लागला तर माझं मत बुडालं."

"मला शनिवारपर्यंत वेळ दे," शिवानंद म्हणाले.

शुक्रवारी आघाडीचे रावसाहेब भेटले. अटीतटीचा वॉर्ड होता, एकेका मतासाठी माणसं पुण्यामुंबईहून बोलावली जात होती. "शिवाण्णा, घरचं मत पक्कं न्हवं?" त्यांनी पाठीवर थाप मारत विचारलं.

"अगदी पक्कं आहे," शिवानंद म्हणाले. आयुष्यात इतकं खरं उत्तर त्यांनी रावसाहेबांना कधी दिलं नव्हतं.

पण वाटेत त्यांच्या मनात एक विचार आला आणि ते दचकले. छत्रीचं भलं करायला त्यांना काहीही करावं लागणार नव्हतं. खोटं बोलायला नको, कुणाला अडवायला नको. नुसतं खुर्चीत बसायचं आणि बायकोकडं आजवर बघत आले तसं बघायचं, एवढंच. दिवा लागणार नाही. दोष यंत्राला. इतकं सोपं पाप त्यांनी याआधी पाहिलं नव्हतं, आणि पस्तीस वर्षं आपण तेच करत होतो की काय, या शंकेनं त्यांना घेरलं.

शनिवारी ते म्हणाले, "माझंच नाव राहू दे."

"का?"

"शमीमभाभी तुला ओळखतात, हे ठरलेलंच आहे. मी ओळखतो का, ते मला बघायचंय."

"माझं मत आहे ते," ती तडकून म्हणाली. "तुमचा प्रयोग नव्हे."

ते मान खाली घालून बसले. "खरं आहे," ते म्हणाले. "भाभींचं नाव दे."

राजश्री आत गेली. भांड्यांचा आवाज आला, मग थांबला. ती पदराला हात पुसत दारात आली आणि बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिली.

"राहू दे तुमचंच," ती म्हणाली. "पण दिवा लागला नाही तर पुढची पाच वर्षं सकाळचा चहा तुम्ही करायचा. किटलीत."

*

मतदानाच्या दिवशी शिवानंद एजंटाच्या बाकावरून उठून साक्षीदाराच्या खुर्चीत बसले. प्रणालींनी पट्टी बांधली.

"वाकडं बोट, ऑफसाइड, किटली," शिवानंद पुटपुटत होते.

"काय म्हणताय, काका?"

"उजळणी करतोय."

"उजळणीनं काही होत नाही. आठवू नका. बघा."

दार सरकलं.

पांढरा दिवा लागला. आणि शिवानंदांना ते स्पष्ट जाणवलं: समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर एक जुना चेहरा पडद्यासारखा उतरत होता. हिरव्या शालूतला, नजर खाली वळवलेला, लग्नातल्या फोटोतला. पटकन जुळला, आणि त्यांचं मन निवांतपणे मागं टेकायला लागलं. झालं. हीच ती. आता काय बघायचं?

पिवळा दिवा लागला नव्हता. बाकावर मुल्ला पुढं झुकले होते. त्यांच्या तोंडातून आज थट्टा निघत नव्हती.

राजश्री नियमाप्रमाणं स्तब्ध उभी होती. पण तिचा डावा हात मिटलेला होता आणि अंगठा त्या वाकड्या बोटावरून पुन्हा पुन्हा फिरत होता. ती घाबरलीय, शिवानंदांच्या लक्षात आलं. पंचाला शिव्या देणारी, पुलावर सगळं तोंडावर सांगून मोकळी झालेली ही बाई घाबरलीय. कशाला? मत जाईल म्हणून? मैदान जाईल म्हणून? की दिवा लागणार नाही म्हणून? पेनल्टी अडवायला उभी राहायची तेव्हा अशीच बोटावरून अंगठा फिरवायची काय? या क्षणी तिच्या मनात काय चाललंय? त्यांना ठाऊक नव्हतं. काही म्हणता काही ठाऊक नव्हतं, आणि ते कळावं अशी त्यांना विलक्षण उत्सुकता वाटली.

वर्गात कुणीतरी सुस्कारा सोडला. शिवानंदांनी पेटीकडं पाहिलंच नाही. राजश्रीच्या चेहऱ्यावर पिवळा उजेड पडलेला त्यांना दिसला.

तिच्या बोटाला शाई लावताना कर्मचाऱ्याला ते वाकडं टोक धरावं लागलं. ती पुठ्ठ्याच्या आडोशाला गेली. यंत्राचा लांबलचक बीप वाजला. एजंट म्हणून शिवानंदांनी आयुष्यात असे अगणित बीप ऐकले होते. पण हा कुणाच्या पारड्यात पडला हे नक्की ठाऊक असलेला हा पहिलाच. तो त्यांच्या विरोधात होता, आणि त्यांच्या साक्षीनं पडला होता.

मग खुर्च्या बदलल्या. राजश्रीच्या पट्टीवर दोन्ही दिवे लागले, नेहमीसारखे. शिवानंद पुठ्ठ्याच्या आड गेले. समोर छत्री होती, किटली होती. ते उभे राहिले. उभेच राहिले.

"शिवाण्णा," बाहेरून मुल्लांचा आवाज आला, "झोपलास काय गड्या?"

बीप वाजला.

बाहेर आल्यावर शिवानंद तिला फाटकापर्यंत सोडायला गेले. शाळेच्या भिंतीला दोन्ही आघाड्यांची पत्रकं शेजारी शेजारी चिकटवलेली होती.

"कुणाला दिलंत?" राजश्रीनं विचारलं.

"मत गुप्त असतं."

"अहो, सांगा की! मी सांगितलं न्हवं?"

"पाच वर्षांनी तुलाही पट्टी बांधून बसायचंय," शिवानंद म्हणाले. "तोवर लाव शोध."

ती चालू लागली. रस्त्यापलीकडं पोचल्यावर मात्र वळली, आणि उन्हासाठी हात कपाळाला लावून त्यांच्याकडं बघत राहिली. ऑफसाइडची शंका आली की मैदानावर बघायची, तशी.